नळांना डबल कोट

मरोळ गावातल्या अर्बन मिरांडाला धातूंतलं सगळं कळतं, असं पहिल्यांदा कोण म्हणालं हे आज कुणालाच सांगता येणार नाही. बहुधा तो स्वतःच म्हणाला असावा. पण त्याच्याकडे पुरावे होते. एक म्हणजे तो अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता आणि स्क्रूपासून पाइपपर्यंत तिथली कुठलीच वस्तू त्याच्या सहीशिवाय हलत नसे. दुसरं म्हणजे गावच्या बँडमध्ये तो कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटचा आखूड भाऊ, वाजवायचा. वीस वर्षं पितळ ओठांना लावणाऱ्याला पितळ कळणार नाही तर कुणाला कळणार, असं तो विचारायचा आणि या प्रश्नाला उत्तर द्यायच्या भानगडीत गावात कुणी पडत नसे.

एकोणसत्तर साली त्याच्या मुलीचं, पॅट्रिशियाचं, लग्न ठरलं. मुलगा कुर्ल्याचा, टेलिफोन खात्यात. तारीख ठरली राखेच्या बुधवाराआधीचा रविवार. ती पुढे ढकलायची सोय नव्हती, कारण त्या बुधवारपासून उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले की चर्चमध्ये लग्न लावायची रीत नाही. डिसेंबर चालू होता. हातात दोन महिने होते, आणि दोन महिन्यांत अर्बननं कारखान्याचं अख्खं गोडाऊन हलवून दाखवलं होतं.

आता गावच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी एक मोठा सोहळा असतो. बँड लावून सगळ्यांनी विहिरीवर जायचं, घागरी भरून वाजतगाजत आणायच्या, नवरीला नारळाचा रस चोळायचा आणि त्या पाण्यानं तिला न्हाऊ घालायचं. मिरांडांच्या घरी ही न्हाणी होती मागच्या दारी. न्हाणी म्हणजे एक धोंडा, चार बांबू आणि एक गोणपाट. आदल्या वर्षी पुतणीच्या, मेबलच्या, न्हाणीला नेमका वारा सुटला आणि गोणपाट उडून शेजारच्या शेवग्यावर जाऊन बसलं. समोर अख्खा बँड उभा. तरीही बँडनं सूर सोडला नाही, हे अर्बन नंतर अभिमानानं सांगायचा. मेबल त्या दिवसापासून त्याच्याशी बोलत नव्हती, आणि ते का, हे त्याला खरोखर कळत नव्हतं.

पॅट्रिशियाला मात्र चांगलं कळत होतं. ती फोर्टातल्या एका हपिसात टायपिस्ट होती, मोजून बोलायची. एका रविवारी जेवणानंतर तिनं विषय काढला.

“पप्पा, मी सगळं करीन. लुगडं नेसेन, रस चोळून घेईन, मावश्या म्हणतील तितका वेळ बसेन. पण त्या गोणपाटामागे बसणार नाय. मला दार पाहिजे. आतून लागणारं.”

अर्बननं तिथल्या तिथे शब्द दिला. नुसतं दार काय, तुला बाथरूम देतो, म्हणाला. नळ देतो, शॉवर देतो, मुंबईत कुणाची झाली नसेल अशी न्हाणी तुझी होईल. क्लॅरिस, म्हणजे त्याची बायको, उष्टी काढता काढता एवढंच म्हणाली की आधी दार कर, मग काय ती मुंबई कर. हे वाक्य ती पुढे दोन महिने दर चार दिवसांनी म्हणणार होती.

दादू गवंड्यानं कामाला हात घातला आणि पंधरा दिवसांत भिंती उभ्या केल्या. दादू मालवणकडचा. काम चोख, पण शेजारी उभं राहून कुणी बोलायला लागलं की त्याचं लक्ष उडायचं, आणि अर्बन शेजारी उभा राहून सतत बोलायचा. दाराची चौकट बसवली त्या सकाळी अर्बन त्याला पितळ आणि कासं यांतला फरक समजावून देत होता. चौकट जराशी बाहेर झुकली. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं, त्यामुळे हात काढला की ते आपलं आपण उघडायचं. दादूनं डोकं खाजवलं. आतून कडी बसली की दार जागचं हलणार नाय, असं त्यानं सांगितलं आणि ते खरंही होतं.

मग अर्बन लोहार चाळीत सामान घ्यायला गेला. नळ हा नळ असतो, असं तोवर त्याचं मत होतं. दुकानदारानं विचारलं, पॉलिश कुठलं देऊ? साधं पितळ, निकल, की क्रोम? आणि क्रोममध्ये आरशासारखं की मंद? जगातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसानं विचारलं असतं की बाबा, यांतलं बरं कुठलं. पण धातूंतल्या जाणकाराला ती मुभा नसते. अर्बननं एक नळ उचलला, वजन केल्यासारखा तळहातावर खेळवला, नखानं टिचकी मारली, कानाशी नेला आणि म्हणाला की तूर्त कोरा माल द्या, पॉलिशचं आम्ही आमचं बघू. त्याप्रमाणे चार नळ, एक शॉवर, टॉवेलचा दांडा, साबणाची वाटी आणि दाराची कडी असा कोरा पितळी माल पिशवीत घालून तो घरी आला आणि माळ्यावर ठेवून विचाराला बसला.

विचार एकट्यानं करायची सोय गावात नसते. पहिले आले बेनेडिक्ट अंकल. हे बँडमास्तर, वय सत्तर, क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या मते पितळाला पितळच ठेवावं. देवानं ज्याला जो रंग दिला त्याला तो शोभतो, आणि क्रोमचा नळ म्हणजे केसांना कलप लावलेला म्हातारा. दुसऱ्या दिवशी शेजारचा मार्कस आला. तो सांताक्रूझच्या विमानतळावर कँटीनमध्ये होता आणि परदेशी माणसं हात कशी धुतात हे त्यानं जवळून पाहिलं होतं. तिथे सगळं क्रोम. पितळ फक्त भांड्यांना आणि बँडला, म्हणाला. शुक्रवारी वेसाव्याची अंजनाबाई पाटी घेऊन आली. दोन बोंबील देईपर्यंत तिनं सगळी हकिकत काढून घेतली आणि निकाल देऊन टाकला.

“दादा, पितल काय नि क्रोम काय, बायकोला घासाया लागलं का सगलं सारखंच.”

या मताची नोंद अर्बननं घेतली नाही, कारण त्यात धातूचा विचार नव्हता. क्लॅरिसनं मात्र अंजनाबाईला चहा दिला.

यात जानेवारी निम्मा संपला. पाण्याच्या जोडणीचा अर्ज करायचा राहिलाच होता, तो घेऊन अर्बन पालिकेच्या कचेरीत गेला. अर्जात नळांची संख्या विचारली होती. नुसता आकडा लिहिणं अर्बनला कोरडं वाटलं. त्यानं ‘चार’ लिहून पुढे सुवाच्य अक्षरात खुलासा जोडला की सदर नळ सध्या पितळी असून त्यांस क्रोमचा मुलामा देण्याचा अर्जदाराचा विचार चालू आहे, अंतिम निर्णय यथावकाश कळवण्यात येईल. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा काढून त्यानं शांतपणे विचारलं की साहेब, निर्णय झाला नाही तर येता कशाला? अर्बननं त्याला समजावलं की पाण्याला रंगाशी काही देणंघेणं नाही. ते मलाही ठाऊक आहे, कारकून म्हणाला, पण तुम्हीच लिहून दिलंय की निर्णय बाकी आहे. आता निर्णय झाल्याचा कागद जोडा. दोष कचेरीचा नव्हताच. तरी अर्बन घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी केवळ कागद हवा म्हणून त्यानं निर्णय घेतला. क्रोम. आरशासारखं.

मरोळच्या मागे तेव्हा नवे कारखाने उठत होते. तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये चंद्रप्रकाश नावाचा माणूस मुलामा चढवायचा. सायकलची हँडलं, मोटारींचे बंपर, असा त्याचा माल. त्यानं अर्बनची पिशवी उघडून आत पाहिलं आणि बांधून परत दिली. एवढ्याशा मालासाठी मी मुलाम्याची टाकी लावत नाही, म्हणाला, अजून माल आणा. अर्बन विचारात पडला. घरात आणखी पितळ म्हणजे क्लॅरिसच्या घागरी, आणि त्यांना हात लावायची त्याची छाती नव्हती. मग त्याला बँड आठवला.

गावच्या बँडकडे एक कॉर्नेट, दोन ट्रंपेट आणि एक युफोनियम होतं. सगळी पितळी, सगळी काळवंडलेली. पॅट्रिशियाच्या लग्नात बँड आरशासारखा चमकला तर काय बहार होईल, हे अर्बननं वाजवणाऱ्यांना एकेकाच्या घरी जाऊन पटवलं. मिळणार फुकट, त्यामुळे पटायला वेळ लागला नाही. बेनेडिक्ट अंकल तेवढे अडून बसले. अरे, वाद्य वाजण्यासाठी असतं की तोंड बघण्यासाठी, असं त्यांनी विचारलं आणि आपलं लाकडी क्लॅरिनेट पेटीत घालून कुलूप लावलं. म्हाताऱ्या माणसांना प्रगती सोसत नाही, असं अर्बन क्लॅरिसला म्हणाला. दाराचं काय झालं, असं क्लॅरिसनं विचारलं.

मालाचा ढीग पाहून चंद्रप्रकाश खूश झाला. पण हे सगळं सुटं करावं लागेल, म्हणाला. नळ खोलायचे, वाद्यांच्या कळा काढायच्या, कडीचा दांडा वेगळा करायचा, मगच टाकीत घालायचं. इथे अर्बनमधला स्टोअरकीपर जागा झाला. सुटे भाग म्हणजे काय प्रकरण असतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? एकदा बेनेडिक्ट अंकलनी सफाईसाठी दोन ट्रंपेटच्या कळा काढल्या होत्या, त्या अदलाबदल होऊन सबंध मे महिना बँड बेसूर वाजला होता. तेव्हा एकही स्क्रू उघडायचा नाही, अशी त्यानं ताकीद दिली. अख्खा माल आहे तसा बुडवायचा. आणि थर जाड हवा. डबल कोट.

चंद्रप्रकाशनं एक नळ उचलून त्याच्यासमोर धरला.

“साहब, सोच लो. बंद का बंद डालेगा तो अंदर भी चढेगा.”

अंदर भी चमकेगा, असं अर्बन म्हणाला. चंद्रप्रकाशनं खांदे उडवले आणि तसं लिहून घेतलं. खाली अर्बनची सही घेतली. सही करताना अर्बनला बरं वाटलं. योग्य माणसाशी गाठ पडली असं तो घरी सांगत होता.

माल आठ दिवसांत मिळायचा तो तीन आठवडे लागले, कारण डबल कोटाला वेळ डबल लागतो. तोवर अर्बन गप्प बसला नाही. दूध आणायला जाताना, चर्चमधून येताना, भेटेल त्याला तो बाथरूम बघायला यायचं आमंत्रण देत होता. शनिवारी न्हाणीच्या आधी सगळ्यांना आत सोडणार होता, पाच-पाच जणांना. मार्कस विमानतळावरचे दोन साहेब घेऊन येणार होता. पॅट्रिशिया हे सगळं ऐकायची आणि आईकडे बघायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, टेंपो आला. आणि खोटं कशाला बोला, माल उतरला तेव्हा गाव थक्क झालं. युफोनियममध्ये मांडव दिसत होता, मांडवातली माणसं दिसत होती, पिठाचे गोळे सोडून फुगिया तळणाऱ्या बायका आणि त्यांच्या कढया दिसत होत्या. अर्बन कॉर्नेटमध्ये स्वतःकडे बघत राहिला. आयुष्यात काही केलं असं त्याला त्या घटकेला मनापासून वाटलं, आणि ते सुख तासभर टिकलं.

तासाभरानं दादू न्हाणीतून बाहेर आला. हातात पाना होता.

“साहेबानू, नळ फिरणत नाय.”

नवे आहेत, जरा जोर लाव, असं अर्बननं सांगितलं. दादूनं जोर लावला. नळ फिरला नाही, चावी हातात आली. दुसऱ्याचंही तेच झालं. मुलामा बाहेर चढला होता तसा आतही चढला होता, आणि चार नळांचे चार भरीव ठोकळे झाले होते. शॉवरची एकूणएक भोकं बुजली होती. साबणाची वाटी आणि टॉवेलचा दांडा ही दोनच कामं निर्दोष झाली होती, आणि दांडा वर बसवून दादूनं त्यावर आपला पंचा टाकला.

एवढ्यात मांडवातून कुणीतरी फुंकल्याचा आवाज आला. मग दुसऱ्यानं फुंकलं. अर्बन धावला. ट्रंपेटच्या कळा दाबल्या जात नव्हत्या. युफोनियमच्याही नाहीत. त्यानं आपला कॉर्नेट घेतला, तिन्ही कळांवर तीन बोटं ठेवून सगळा भार टाकला. कळा जशा होत्या तशा राहिल्या, फक्त त्यांत त्याचं तोंड फार स्वच्छ दिसत होतं. वाद्यांतून आता बिगुलातून निघतात तेवढेच चार-पाच सूर निघत होते. बेनेडिक्ट अंकल खुर्चीवर बसले होते. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि क्लॅरिनेटच्या पेटीचं कुलूप उघडलं.

अर्बन खचला असं कुणाला वाटत असेल तर तो अर्बनला ओळखत नाही. पाच मिनिटांत त्यानं योजना आखली. अंकल क्लॅरिनेट वाजवतील, ढोलवाला ढोल वाजवेल, बाकीच्यांनी वाद्यं तोंडाला लावून गाल फुगवून चालायचं. आणि नळांचं म्हणाल तर न्हाणीला पाणी विहिरीचंच लागतं, रीतच तशी आहे, तेव्हा नळ आज कुणी उघडणारच नव्हतं. हे सांगताना त्याचा आवाज इतका ठाम होता की दोघाचौघांना वाटलं, हे सगळं आधीच ठरलं होतं.

तेव्हा क्लॅरिस न्हाणीच्या दारातून बाहेर आली. तिच्या हातात कडी होती.

“आणि ही?” तिनं विचारलं.

अर्बननं कडी हातात घेतली. आरशासारखी होती. त्यानं दांडा सरकवला. दांडा हलला नाही. त्यानं तो दाराच्या कडेवर ठोकला, दादूचा पाना घेऊन ठोकला, मग तेल मागितलं. तेल वरून घरंगळून गेलं. दादू म्हणाला की दुसरी कडी लोहार चाळीतून आणेपर्यंत रात होईल, लाकडी अडसर बसवतो म्हटलं तर दोन तास लागतील. बाहेर मांडवात बायका घागरी घेऊन निघायला उभ्या होत्या. दारानं आपली खोड सोडली नव्हती. क्लॅरिसनं हात काढला आणि ते सावकाश उघडत जाऊन भिंतीला टेकलं.

पॅट्रिशिया तिथेच उभी होती. लुगडं नेसलेली, केसांत फुलं. ती रागावली असती तर अर्बननं उत्तर दिलं असतं. उत्तरं त्याच्याकडे पुष्कळ होती. ती रागावली नाही. तिनं दाराकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं.

“पप्पा, मी एकच गोष्ट मागितली होती,” ती म्हणाली, आणि बायकांबरोबर विहिरीकडे निघून गेली.

मिरवणूक झाली. ढोल दणदणीत वाजला, बेनेडिक्ट अंकलनी सत्तराव्या वर्षी एकट्याच्या फुफ्फुसांवर अख्खं गाव पेललं, आणि मागे चार चकचकीत वाद्यं फुगलेल्या गालांनी मुकाट चालली. लांबून बघणाऱ्यांना काही कळलं नाही. अर्बन पहिल्या रांगेत होता. गाल फुगवून विहिरीपर्यंत गेला आणि गाल फुगवून परत आला. पण वाटेत त्याला नळ आठवले नाहीत की क्रोम आठवलं नाही. मेबल आठवली. ते गोणपाट उडालं तेव्हा पोरीनं दोन्ही हात छातीशी धरून भिंतीकडे तोंड केलं होतं आणि आपण डोळे मिटून कडवं पुरं केलं होतं. बँडनं सूर सोडला नाही, हे आपण वर्षभर सांगत फिरलो याची त्याला लाज वाटली.

घागरी मागच्या दारी उतरल्या. मावश्यांनी अंगणात पॅट्रिशियाला रस चोळला, गाणी म्हटली, आणि मग क्लॅरिस तिला घेऊन आत गेली. अंगणात सबंध मरोळ जमलं होतं. अर्बननं कॉर्नेट दादूच्या हातात दिला. दार लोटून घेतलं, वळला आणि दाराला पाठ लावून, पाय रोवून उभा राहिला.

मार्कस विमानतळाच्या साहेबांना घेऊन पुढे आला. अर्बन, दोनच मिनिटं बघून जातील, म्हणाला, तूच बोलावलं होतंस. मागे आणखी वीस-पंचवीस जण होते. त्यांनाही अर्बननंच बोलावलं होतं.

“आज नाय,” अर्बन म्हणाला.

मग उद्या, मार्कस म्हणाला. उद्याही नाय, असं अर्बननं सांगितलं, न्हाणी काय बघायची गोष्ट आहे? बेनेडिक्ट अंकलनी लांबून खूण केली की नवं गाणं धरतोय, पहिल्या रांगेत ये. अर्बननं मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच बँड त्याच्याशिवाय सुरू झाला. संध्याकाळचा वारा सुटला होता. दार पाठीला मधूनमधून ढकलत होतं आणि तो ते परत दाबून धरत होता.

आतून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज येत होता. क्लॅरिस हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. तिची आई म्हणायची तेच गाणं असावं. अर्बननं पाठ दारावर आणखी रेटली. उद्या या वेळेला पोरगी कुर्ल्याला असेल, हे दोन महिन्यांत त्याला आत्ता पहिल्यांदा सुचत होतं.

“पप्पा,” आतून हाक आली, “आहेस ना?”

“आहे.”

“जाऊ नको हां.”

“नाय जात.”

आणि तो गेला नाही. समोरून लोक गेले, जेवायला हाका मारून गेले, दादू दोनदा विचारून गेला की मी उभा राहू का घटकाभर. अर्बननं मान हलवली. शेवटी पाण्याचा आवाज थांबला. लुगड्याची सळसळ ऐकू आली, बांगड्या वाजल्या, आणि दारापलीकडून, अगदी त्याच्या खांद्यामागून, पॅट्रिशियाचा आवाज आला.

“झालं, पप्पा. सोड आता.”

अर्बननं ऐकलं. पण दारावरची पाठ काढायला त्याला आणखी थोडा वेळ लागला.